सुभेदार कदम आणि दातेरी पन्हळ

माझी चूक आधीच सांगून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवली, तर लिहिता लिहिता मी तिचे कोपरे घासून गुळगुळीत करेन. तशी मला सवय आहे. नव्वदच्या दशकात नोएडातल्या एका कंपनीने प्लॅस्टिकचा एक एअर कूलर बाजारात आणला. त्याच्या रचनेबद्दल मला पारितोषिक मिळालं, बढती मिळाली, आणि त्या जोरावर पुढे स्वतःचं डिझाइन ऑफिस काढता आलं. त्या कूलरमधली जी गोष्ट सगळ्यांनी वाखाणली, ती माझी नव्हती. ती फरीदाबादच्या एका गल्लीत पत्रा वाकवणाऱ्या रामअवतार मिस्त्रीची होती. त्या गल्लीत मला नेलं होतं सुभेदार नामदेव कदमांनी. ते आमच्या संस्थेच्या वर्कशॉपचे मास्तर. मी रामअवतारची गोष्ट उचलली, कंपनीला दिली, आणि कदमसाहेब माझ्या दारात आले तेव्हा मी त्यांना भेटलो नाही.

माझ्याबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते कदमसाहेबांबद्दल.

आमची डिझाइनची संस्था दक्षिण दिल्लीत होती आणि मी मुनिरकात खोली घेऊन राहत होतो. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची वीट हाताला लागे. पुण्यात अभियांत्रिकी झालेली, चित्रकला बरी, आणि देशात तेव्हा रोज काहीतरी नवं खुलं होत होतं. आपण आता जगभरच्या वस्तू आखणार, अशी हवा डोक्यात होती. पहिल्या दिवशी आम्हा बाराजणांना वर्कशॉपमध्ये रांगेत उभं केलं. समोर एक बुटके, ताठ गृहस्थ. खाकी पँट, पांढरा शर्ट, बाह्या मोजून तीन घड्या वर. बाकीच्या मास्तरांच्या खिशाला पेन असे. यांच्या खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी.

"मैं सुभेदार कदम," ते म्हणाले. "फौज में अट्ठाईस साल गाड़ी और तोप ठीक किया. तुम लोग आर्टिस्ट हैं. अच्छा है. पहले हाथ दिखाओ."

आम्ही हात पुढे केले. ते एकेकाचे तळवे बघत चालले. माझ्यापाशी थांबून नाव विचारलं, गाव विचारलं. "पुण्याचा? मग हात नसंल, तोंड चालत आसंल." हे मराठीत, मला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुणेकर' झालो. माझं खरं नाव त्यांनी फार क्वचित घेतलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही लोखंडाचा एकेक ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणत होतो. जगभरच्या वस्तू आखायला आलेली पोरं, बोटांना फोड आलेली. कुणी कुरकुर केली की ते ठोकळ्याच्या खरखरीत कडेवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "अभी ये बोल रहा है. जब चुप हो जाएगा तब लाना."

कागदोपत्री ते 'वर्कशॉप सहायक' होते. गुण द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. प्राध्यापकांच्या बैठकीला बोलावणं नव्हतं, चहा मात्र त्यांच्याच शेगडीवर होई. पण मॉडेल त्यांच्याच हाताखालून जायचं, आणि कदमसाहेब ड्रॉइंग वाचायचे ते हुकूम म्हणून. आखलंय तेवढंच करायचं. रेघ जास्त नाही, रेघ कमी नाही. आमच्या वर्गातल्या नंदिताने झाडांना पाणी घालायची पितळी झारी आखली होती. कागदावर फार देखणी. कदमसाहेबांनी चार दिवस खपून ती हुबेहूब केली, झळझळीत पॉलिश केली आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे ठेवली.

"लो मॅडम, पानी डालो."

मुठीच्या आत तिची दोन बोटंसुद्धा जाईनात. वर्ग हसला. ते एकटे हसले नाहीत. "हँसने का क्या है? कागज में हाथ था ही नहीं. मैं किसके लिए जगह छोड़ता?" मग पुढचे दोन दिवस वर्कशॉपला कुलूप लागेपर्यंत नंदिताजवळ बसून त्यांनी तिच्याकडून दुसरी झारी करून घेतली. ती आज मोठ्या हुद्द्यावर आहे. कधी भेटलो की त्या झारीचा विषय काढते. मी विषय बदलतो.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. आखणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव, तारीख. कदमसाहेब तिथे तिसरा रकाना पाडायला लावत: करणारा. ही वस्तू प्रत्यक्ष ज्याच्या हातून होणार, त्याचं नाव. रकाना रिकामा असेल तर ड्रॉइंग परत.

"नाव म्हाईत न्हाई म्हंजे तू त्याला भेटला न्हाईस," ते मला म्हणाले होते. "भेटला न्हाईस म्हंजे त्याच्याकडं कंचं मशीन हाय, किती वाकतंय, किती न्हाई, तुला ठावं न्हाई. मग हे काय करतोस? पतंग उडवतोस?"

परदेशात शिकून आलेले आमचे एक प्राध्यापक त्यांना एकदा गमतीने म्हणाले, "सुभेदारसाब, फॅक्टरी में हजार लोग होते हैं. किस किस का नाम लिखें?"

"एक का तो लिखो, साब," कदमसाहेब म्हणाले. "एक से शुरू करो."

दुसरी खोड म्हणजे वस्तू हातात आली की ती उलटी करायची. खुर्ची, छत्री, लग्नात मिळालेलं ताट, काहीही. आमच्या संचालकांनी परदेशातून फळांचा रस काढायचं यंत्र आणलं होतं आणि ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते. कदमसाहेबांनी ते उचललं आणि उलटं केलं. मोसंब्याचा उरलेला रस संचालकांच्या टेबलावर, फायलींवर. "अरे अरे, कदम!" संचालक ओरडले. कदमसाहेबांचं लक्षच नव्हतं. ते बुडाशी स्क्रू शोधत होते. स्क्रू नव्हता. सगळं चिकटवलेलं.

"साब, ये खुलता नहीं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की संचालकांनी रसाबद्दल पुढे एक शब्द काढला नाही.

जिना उतरताना मला म्हणाले, "पुणेकर, आता ही आसली लई येणार बग. न उघडणारी. बिगडलं की टाकून द्यायचं. मग दुरुस्त करणारा कुठं जाणार?"

मी म्हणालो, "नवी कामं निघतील की, कदमसाहेब."

"निगतील. कुणी तरी काडायला पायजेत. तुला कशाला शिकवतोय मी?"

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी कूलर घेतला. नोएडात नवे फ्लॅट उभे राहत होते, खिडक्या लहान. आणि दिल्लीचा लोखंडी कूलर म्हणजे खिडकीबाहेर टांगलेलं कपाट. छोटा, सुबक कूलर आखावा, एवढाच माझा विचार. कदमसाहेबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनहून फरीदाबादच्या शटलमध्ये बसवलं.

गल्लीत दहा-बारा दुकानं होती. पत्रा कापणारे, वाकवणारे, रंग देणारे. बहुतेक बिहार-पूर्वांचलातून आलेले. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कानठळ्या बसतील इतकं काम, आणि पावसाळ्यापासून पुढे शुकशुकाट. कारण जोडलेला कूलर म्हणजे नुसता पोकळ डबा. हिवाळ्यात करून ठेवायचा तर ठेवणार कुठे? त्यामुळे हिवाळाभर हीच माणसं चौकात मजुरीसाठी उभी राहत. कदमसाहेब मला पहिल्या दिवशी चौकात घेऊन गेले आणि एकेकाचं नाव घेऊन म्हणाले, हा पत्रा वाकवायचा ब्रेक चालवतो, हा रंग मारतो. मला वाटलं कारखान्याची ओळख करून देतायत. मागे बघितलं तर सगळे विटा उचलायला निघाले होते.

"आट दिवस पेन्सिल काडायची न्हाई," त्यांनी बजावलं. "नुसतं बसायचं."

मी बसलो. आठव्या दिवशी एवढं कळलं की लहान कूलर कुणालाच नकोय. गल्लीला हवाय तो घडी होणारा कूलर. सपाट पत्रे वाकवून, भोकं पाडून, एकावर एक रचून ठेवायचे. उन्हाळ्यात बोल्टने जोडायचे. म्हणजे हिवाळाभर काम. हे मी कदमसाहेबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पट्टीने तळवा खाजवत राहिले. "आत्ता बोललास," म्हणाले.

घडीचं जमलं, पाण्याचं जमेना. कूलरमध्ये वरून नळ्यांतून पाणी गवताच्या जाळ्यांवर पडतं. फरीदाबादचं पाणी खारं. नळ्यांची भोकं पंधरा दिवसांत बुजत आणि जाळी एका बाजूने कोरडी पडे. मी नळ्यांचे सात प्रकार आखले. रामअवतार मिस्त्री ते बघे आणि परत देई. चाळिशीचा, सडसडीत, कामाच्या वेळी दातांत काडी. एके दुपारी जेवण झाल्यावर त्याने पत्र्याची एक कापटी उचलली, पन्हळीसारखी वाकवली आणि तिची एक कड कात्रीने कातरत गेला. दाते, करवतीसारखे. दोन दात्यांमधलं अंतर तो स्वतःचा अंगठा ठेवून घेत होता. पन्हळ पाण्याने भरली, प्रत्येक दात्याच्या खाचेतून सारखी धार सांडली. बुजायला भोकच नव्हतं. मीठ साचलं तर उचलून फडक्याने पुसायचं.

"नाली है," तो खांदे उडवून म्हणाला. "गाँव में छप्पर की ऐसी ही होती है."

कदमसाहेबांनी ती पन्हळ उलटी केली, सुलटी केली, अंगठा फिरवला. मग रामअवतारच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या तोंडातली काडी पडली. "अरे, ये तो फौज में भी किसी को नहीं सूझा!"

पहिला कूलर लागला कदमसाहेबांच्याच घरी, फरीदाबादच्या दोन खोल्यांत. त्यांचा नियम होता, पहिला नग महिनाभर कुणाच्या तरी घरात राबला पाहिजे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. "गार हाय. पर ह्येच्या घरघरीत कुकराची शिट्टी ऐकू येत न्हाई. दोनदा वरण करपलं."

"पुणेकर, ल्ही. वरण करपलं," कदमसाहेब भाकरी मोडत म्हणाले. "ह्ये कुठल्या पुस्तकात मिळणार न्हाई." आम्ही पंख्याची पाती बदलली. काकींना शिट्टी ऐकू आली तेव्हा गल्लीतल्या चौघांना जेवायला बोलावलं होतं. रामअवतारने ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "भाभीजी, कूलर इसमें लगाओ."

प्रकल्पाच्या ड्रॉइंगवर मी करणाऱ्याच्या रकान्यात रामअवतारचं नाव लिहिलं. तेव्हा लिहिलं. पहिल्या उन्हाळ्यात गल्लीने घडीचे कूलर केले आणि ते नोएडाच्या फ्लॅटांत बरे खपले. येणाऱ्या हिवाळ्यात सगळ्या गल्लीने मिळून तेच करायचं, असं ठरलं. चौकात कुणी जाणार नव्हतं.

मला मात्र नोएडातल्या कंपनीत नोकरी लागली होती. वातानुकूलित ऑफिस, काचेची भिंत, मलेशियाहून येणारे साचे. त्यांना प्लॅस्टिकचा कूलर हवा होता आणि माझ्याकडून पहिल्या महिन्यात काहीतरी चमकदार हवं होतं. मी पन्हळ आखून दिली. बैठकीत साहेब म्हणाले, "ब्रिलियंट. तुम्हें सूझा?" मी हो म्हणालो. कंपनीच्या ड्रॉइंगवर दोनच रकाने असत, हे त्या वेळी मला फार सोयीचं वाटलं. एवढंही सांगतो, की मी अंतरसुद्धा बदललं नाही. साच्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकला दाते कितीही जवळ किंवा लांब ठेवता आले असते. मी रामअवतारच्या अंगठ्याएवढंच ठेवलं, कारण ते चालतं एवढंच मला माहीत होतं. का चालतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी स्वागतकक्षातून फोन आला. "सर, कोई सुभेदार कदम आए हैं."

काचेतून मी खाली पाहिलं. फाटकापाशी ते उभे होते, कोट घातलेला, बगलेत कागदाची गुंडाळी. मी म्हणालो, "मीटिंग में हूँ, बोल दो." कुठलीही मीटिंग नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "सर, कहते हैं रुक जाएँगे." मी म्हणालो, आज जमणार नाही.

ते थांबले. पहारेकऱ्याने खुर्ची दिली असावी, कारण बराच वेळ ते बसलेले दिसले. त्याच्या चौकीशेजारी आमच्या नव्या कूलरचे चाचणीचे नग ट्रकची वाट बघत ठेवलेले होते. मी ते विसरलो होतो. कदमसाहेब उठले, एका नगाभोवती फिरले, तो आडवा केला. मागची जाळी सरकवून काढली. वर हात घातला आणि पन्हळ बाहेर ओढली.

पहिल्या मजल्यावरून एवढं स्पष्ट दिसायला नको होतं, पण दिसलं. त्यांनी दोन दात्यांच्या मध्ये आपला अंगठा ठेवला. मग पुढच्या दोघांत. मग त्याच्या पुढच्या. पन्हळ जागेवर बसवली, जाळी लावली, कूलर उभा करून त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली. पहारेकऱ्याला काहीतरी म्हणाले, तो हसला. आणि गुंडाळी बगलेत मारून बसथांब्याकडे चालत गेले. वर त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

तेव्हापासून काचेच्या भिंतीजवळ मी उभा राहत नाही. नव्या ऑफिसमध्ये माझं टेबल आतल्या अंगाला आहे. सगळ्यांना वाटतं साहेबांना उन्हाचा त्रास होतो. दुकानात एखादी वस्तू उचलली की कोपराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं आणि मी ती उलटी न करताच खाली ठेवतो. बायको म्हणते, "अहो, नीट बघून तरी घ्या." मी बघत नाही. स्वप्नात ते कधी रागावत नाहीत. माझ्या हातातली एखादी कड अंगठ्याने तपासतात आणि म्हणतात, अजून बोलतंय.

पत्र लिहायचं मी कितीदा ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही. लिहिलं नाही.

वर्षं गेली. मग एकदा संस्थेने मला परीक्षक म्हणून बोलावलं. मेहर नावाच्या मुलीने भाजीवाल्यांसाठी पत्र्याची घडीची मांडणी केली होती, त्याच गल्लीत राहून. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन रकाने होते. मी विचारलं, हा तिसरा कुठून आला? "पता नहीं सर, वर्कशॉप में हमेशा से है."

मग मी विचारलं की मूळ ड्रॉइंग कुठे आहे, ही तर नक्कल दिसते.

"सर, गल्लीवाले ओरिजिनल बाहर नहीं ले जाने देते. बहुत पहले उनके कूलर का डिझाइन किसी ने कंपनी को दे दिया था. हमारे ही इन्स्टिट्यूट के एक मास्टर थे, फौजी. और सर, अजीब बात, वही मास्टर हर साल स्टूडंट्स को गल्ली के नुक्कड़ तक छोड़ने आते थे. रिटायरमेंट के बाद भी. खुद अंदर नहीं जाते थे. चायवाले के पास खड़े रहते थे शाम तक. मेरे सीनियर्स ने देखा है."

"उन्होंने दिया था, यह किसने कहा?" मी विचारलं.

"उन्होंने खुद कहा था, सर. सब यही बताते हैं."

तिला मी किती गुण दिले, मला आठवत नाही.

फरीदाबादला आता मेट्रो जाते. कदमसाहेबांचं घर तेच होतं. दार काकींनी उघडलं. भिंतीवर कदमसाहेबांचा गणवेषातला फोटो, त्याला हार. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकींनी मला ओळखलं. "आलास? लई दिस लावलंस," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना बरंचसं माहीत होतं.

"त्या दिशी नोएडास्नं आले ते घरात न्हाई आले, थेट गल्लीत गेले. तुझी सही घ्याया गेलेवते, कूलरच्या कागदावर. गल्लीवाले म्हणले हुते, हिवाळ्याचं काम पोराच्या सहीनं सुरू करू. तितं जाऊन सांगितलं, काम थांबवा, पत्रा घेऊ नका, आपली नाली कंपनीकडं गेली, आता आपला माल खपनार न्हाई. कुणी दिली म्हणले, तर म्हणले, मी."

"मी, असं का म्हणाले?"

"म्या बी त्येच इचारलं. लई भांडले मी त्येंच्यासंगं. म्हणले, पोराचं नाव घेतलं तर उद्यापास्नं एकाबी पोराला गल्लीत पाऊल टाकू देनार न्हाईत. मग पोरं शिकनार कुठं? आन् गल्लीला नवं काम कोन काडून देनार? म्हणले, मी म्हातारा मानूस, माज्यावर रागावले तर माज्यापुरतं ऱ्हाईल." काकींनी रिकामा पेला उचलला. "तसंच झालं. पोरं जात ऱ्हायली. ह्यांला कुणी चा बी इचारला न्हाई."

"माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"न्हाई. शिवी बी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं."

मी त्यांच्या पायांशी वाकलो आणि माफी मागायला लागलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला कशापायी? मी केलीवती का ती पन्हळ? त्यांची मान गल्लीत खाली गेली. ती तितंच जाऊन वर करायची. जा."

मी गेलो. चहावाल्याची टपरी ओलांडली. गल्ली जिवंत आहे. मॉल आणि ऑफिसांच्या वातानुकूलनासाठी पत्र्याचे चौकोनी नळ होतात आता तिथे, आणि मेहरची मांडणी. चौघंजण तीच वाकवत होते. रामअवतार दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसला होता, जाड भिंगाचा चष्मा, केस पांढरे. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"अरे, फोल्डिंग कूलर वाला लड़का! तू तो बूढ़ा हो गया. बैठ, चाय मँगाता हूँ."

मी म्हणालो, "सुभेदारसाब के बारे में बात करनी है."

त्याचा चेहरा मिटला. "उसका नाम यहाँ नहीं लेते. चाय पी, दूसरी बात कर."

"मुझे वही बात करनी है. सबके सामने. मशीन दो मिनट बंद करवा दीजिए."

 त्याने हात वर केला. एकेक यंत्र थांबलं. शेजारच्या दुकानांतलेही पुढे आले. त्यांतले दोघे-तिघे जुने होते. मी उभा राहून सांगितलं: कंपनीला नाली मी दिली. बैठकीत माझी म्हणून सांगितली. सुभेदारसाबांनी कुणाला काही दिलं नाही. ते नोएडाला आले होते आणि मी त्यांना भेटलो नाही. तुमचा हिवाळा मी घालवला, त्यांनी नाही.

 एक जुना मिस्त्री खाली थुंकला आणि परत आपल्या दुकानात गेला. रामअवतारने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

"हर साल आता था," तो शेवटी म्हणाला. "नए बच्चों को लेकर. मैं यहीं से देखता था. धूप में खड़ा रहता था. एक बार बारिश में भी. मेरी बीवी ने कहा, बुला लो. मैंने कहा, चोर को कौन बुलाता है." त्याने चष्मा खिशात घातला. "मैंने कहा, चोर को. सुन रहा है? और वो सुनता होगा. चाय की दुकान इतनी ही तो दूर है."

"जी."

"अब आया है तू. अब मुझसे क्या माँगता है? नाली की माफी? ले जा. नाली तो छप्पर की थी."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. जे बोललो ते हिंदीत बोललो, पण ते माझ्या मनात मराठीतच जुळलं होतं, तेव्हा इथे तसंच लिहितो. मी म्हणालो, "रामअवतारजी, पन्हळ घेतली त्याची माफी मागायला मला तेव्हाच यायला हवं होतं, ती मी आज मागतो. पण त्यापेक्षा मोठं मी तुमच्याकडून करवून घेतलं. एका भल्या माणसाला तुमच्याकडून इतकी वर्षं गल्लीच्या नाक्यावर उभं ठेवलं, आणि तुम्हाला ते कळूही दिलं नाही. त्यांची माफी मागायला मी उशिरा आलो. तुमची मागतोय. मला माफ करा."